मामाचे आडनाव काय?

मुलांच्या नावापुढे आई आणि वडील या दोघांचीही आडनावे लावावीत, मध्ये एक लहानशी आडवी रेघ द्यावी, हा विचार पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतून आता मिरज-सांगलीपर्यंत येऊन पोचला आहे. त्यामागचा हेतू चांगला आहे. नऊ महिने पोटात वाढवायचे बाईने आणि नावावर शिक्का मात्र बापाच्या घराण्याचा, हा अन्यायच आहे. तेव्हा या विचाराची टर उडवण्याचे कारण नाही. परंतु ही रेघ ज्या कागदावर ओढायची तो कागद कोरा नाही, त्यावर जात आधीच लिहिलेली आहे, याचे भान या चर्चेत फारसे दिसत नाही.

आमच्या भागात माने, मोरे, जाधव, पवार, गायकवाड ही आडनावे मराठ्यांत आहेत, महार-मांगांत आहेत आणि भटक्या-विमुक्तांतही आहेत. 'उपरा' (1980) लिहिणारे लक्ष्मण माने फलटणकडचे, कैकाडी समाजातले. नुसत्या आडनावावरून त्यांची जात कोणी सांगावी? म्हणून खोली भाड्याने मागायला गेलेल्या माणसाला नाव सांगून सुटका मिळत नाही. गाव कोणते, गावात राहायला कोणत्या बाजूला, देव कोणता, असे विचारत विचारत घरमालक शेवटी नेमक्या जागी येतो : 'मामाचं आडनाव काय?' बापाच्या आडनावाने जे झाकले ते आईच्या माहेराच्या आडनावाने उघडे पडते, हे त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. जोड आडनाव म्हणजे या प्रश्नाचे न विचारताच दिलेले उत्तर! सवर्ण घरात दोन आडनावे जोडली की दोन घराण्यांची प्रतिष्ठा एकत्र येते. दलित घरात जोडली की संशयाला पुरावा मिळतो. रेघ तीच, पण दोन्हीकडे तिचे काम वेगळे.

मराठीत या प्रश्नाचा सर्वांत कठोर अनुभव कुमुद पावडे यांनी लिहून ठेवला आहे, तो 'अंतःस्फोट' (1981) या पुस्तकात. नागपूरच्या महार कुटुंबातली कुमुद सोमकुवर ही मुलगी हट्टाने संस्कृत शिकते, एम. ए. होते, आणि नोकरीसाठी दारोदार हिंडते. मुलाखती होतात, नोकरी मिळत नाही. पुढे कुणबी-मराठा समाजातील पावडे यांच्याशी तिचा विवाह होतो आणि त्यानंतर लवकरच सरकारी महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याची जागा तिला मिळते. विद्या तीच, पदवी तीच, माणूस तोच. बदलले फक्त आडनाव. लेखिकेने या यशाचा आनंद साजरा केलेला नाही. नोकरी सोमकुवरला मिळालेली नाही, पावडे या नावाला मिळाली आहे, ही बोच त्यांनी लपवली नाही. बाईचे आडनाव नवऱ्याच्या आडनावाबरोबर बदलते आणि लोकांच्या नजरेत तिची जातही त्याबरोबर बदलते, हे त्यांनी ओळखले. स्त्रीमुक्तीच्या चर्चेत 'लग्नानंतर नाव बदलू नये' असे सांगितले जाते तेव्हा या लेखाची आठवण क्वचितच काढली जाते. कारण हा लेख दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. नाव बदलणे ही गुलामी म्हणावी, तर त्या बदललेल्या नावानेच दार उघडले. मुक्ती म्हणावी, तर सोमकुवर दाराबाहेरच राहिली.

आईच्या नावाने मुलाला ओळखणे ही आमची प्राचीन परंपरा आहे, असे सांगणारे विद्वान गौतमीपुत्र सातकर्णीचा दाखला देतात. दाखला खरा आहे. पण 'गौतमी' हे काही त्या राणीचे स्वतःचे नाव नव्हे, ते गोत्रावरून आलेले. तिचे नाव बलश्री. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्यात तिने नाशिकच्या लेण्यात जो लेख कोरवला त्यात आपल्या मृत मुलाचे गुण गायले आहेत, आणि त्या गुणांत एक असा की त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला! आईचे नाव लावणारा राजा आणि वर्णसंकर रोखणारा राजा एकच. हे लक्षात घेतले म्हणजे आईचे गोत्र वा आडनाव नावात आले की समता आली, या भाबडेपणातून आपण बाहेर येतो. आजही आईचे आडनाव म्हणून जे जोडतात ते आईच्या बापाचेच असते.

मग आडनाव म्हणजे दगडावरची रेघ आहे काय? तसेही नाही. मिरजेत शिकलगारांनी हत्यारांना धार लावायचे सोडून तंबोरे-सतारी घडवल्या आणि 'सतारमेकर' हे अर्धे इंग्रजी आडनाव दिमाखात लावले. सातारच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी दाखल झालेल्या मुलाचे नाव रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' असे आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ. आंबडवे या गावावरून नवे आडनाव आले, सकपाळ मागे पडले. ही जोडणी नव्हती. कुळ बाजूला ठेवून गाव पुढे करण्यात आले होते.

महाराष्ट्र शासनाने मार्च 2024 मध्ये निर्णय घेतला की 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांचे नाव शासकीय कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव या क्रमाने लिहावे. मला हा मार्ग जोड आडनावापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. यात निदान बाईचे स्वतःचे नाव येते, तिच्या बापाचे कुळ नव्हे. शेवटचा रकाना मात्र अजून बापाच्याच घराण्याकडे आहे.

आणि तरीही दलित आईने आपले आडनाव मुलाच्या नावात जोडण्याचा हट्ट धरला तर मी तिच्या बाजूने उभा राहीन. 'पाटील-कांबळे' असे नाव वर्गात हजेरीला मोठ्याने पुकारले जाणे ही लहान गोष्ट नव्हे. आंतरजातीय विवाहात मी बहुधा उलटेच पाहतो : कांबळे गळते आणि पाटील राहते, आणि त्याला घरातले सारे 'मुलाच्या भल्यासाठी' म्हणतात. पण अशा आईने हेही ओळखून असावे की कचेरीत ही रेघ तिच्या उपयोगी पडणार नाही. जातीच्या दाखल्याला वडिलांच्या बाजूची वंशावळ लागते, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे पुरावे लागतात, आणि त्या जुन्या कागदांवर जोड आडनाव कुठून असणार? सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गुजरातच्या एका खटल्यात मान्य केले की मुलाची जात बापाचीच असे गृहीत धरले तरी ते अंतिम नाही. आईच्या समाजात वाढून तिथली वंचना आपणही भोगली, हे मूल दाखवू शकते. म्हणजे आईचे आडनाव लावणे पुरेसे नाही. तिचे भोग आपल्याही वाट्याला आले, हे त्या मुलाला साक्षी-पुराव्याने सिद्ध करावे लागते.