‘आम्ही’ म्हणजे कोण? पुढाऱ्यांवरच्या छापील शोककविता

हिंगोलीच्या कुठल्याही चौकात उभं राहा, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा एखादा तरी फ्लेक्स दिसतोच. वर गेलेल्या माणसाचा फोटो, खाली ‘शोकाकुल’ म्हणून वीस-पंचवीस नावं. कधी कधी गेलेल्यापेक्षा राहिलेल्यांचेच फोटो मोठे. आपण हसतो आणि पुढे जातो. आज आम्हाला बोलायचंय ते या फ्लेक्सच्या पणजोबाविषयी. इंग्रजी अमदानीत मोठा पुढारी गेला की त्याच्यावर पदं, पोवाडे, विलाप रचले जात आणि थोड्या पानांच्या स्वस्त पुस्तिकांतून छापले जात.

या पुस्तिकांना समीक्षेनं फारसं जवळ केलं नाही. आक्षेप ठरलेला: सगळ्या एकसारख्या. सूर्य मावळतो, नाव नावाड्याविना राहते, महाराष्ट्र पोरका होतो. नाव बदलून दुसरा पुढारी बसवा, कविता तशीच चालते. आक्षेप खरा आहे. आम्हीही याच कारणानं त्या बरीच वर्षं बाजूला सारल्या. पण ही रचना डोळ्यांनी वाचायची नव्हतीच. ती ओळखीच्या चालीवर दहाजणांनी मिळून म्हणायची होती. तिथे नवी प्रतिमा अडचणीचीच. आरती कुणी नवेपणासाठी म्हणतं का?

मग तिला जोखायचं कशावर? आमच्या मते एका सर्वनामावर. मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आपण’मध्ये ऐकणारा आत असतो, ‘आम्ही’मध्ये बाहेर. शोककविता मृताशी बोलते: तुम्ही गेलात, आम्ही राहिलो. म्हणजे मृत माणूस बाहेर हे ठीकच. पण या ‘आम्ही’त आत कोण आहे?

आता दोन तारखा बघा. 1 ऑगस्ट 1920 ला मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. 6 मे 1922 ला मुंबईतच शाहू महाराज गेले. मधे फक्त एकवीस महिने. दोन्ही वेळा ‘महाराष्ट्र रडला’ असं म्हणता येतं. पण वेदोक्त प्रकरणात हे दोघे समोरासमोर उभे होते. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांचा विरोध होता, तोही लोक विसरले नव्हते. म्हणजे रडणारा महाराष्ट्र एकच नव्हता. ‘सगळे पोरके झालो’ असं कविता म्हणते तेव्हा ती दुःख सांगते, आणि त्याच दमात एक भांडण झाकते. ठरीव प्रतिमांपेक्षा हा दोष आम्हाला मोठा वाटतो. सूर्याशी कुणाचे मतभेद नसतात, म्हणून तर पुढाऱ्याला सूर्य केलं की सोयीचं पडतं.

यापेक्षा वेगळं लिहिता येत होतं का? येत होतं. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव फुले गेले आणि 1892 साली सावित्रीबाईंचं ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ आलं. ती नुसती विलापिका नाही, जोतीरावांचं पद्यचरित्रच आहे. पण पत्नीनं पतीमागे लिहिलेल्या या पुस्तकाची मांडणी बघा. आधी पेशवाई येते, मग इंग्रजी राज्य, आणि त्यानंतर जोतीबा. माणूस का हवा होता ते आधी, माणूस गेला ते नंतर. इथे दुसरं नाव बसवून दाखवा! बसणार नाही.

आणि दुसरा दाखला तर आपल्या उंबऱ्यावरचा. नामदेवांचं नर्सी याच जिल्ह्यातलं. ज्ञानदेवांच्या समाधीचे नामदेवांच्या नावावरचे अभंग गाथ्यात आहेत. त्यात शोक आहेच, पण नामदेवांची मुलं नारा, विठा, गोंदा, महादा समाधीची जागा झाडायला जातात, तेही आहे. दुःखाच्या ऐन वेळी कुणीतरी जागा झाडतंय! एवढ्या एका तपशिलानं तो शोक त्या माणसांचा आणि त्या जागेचा होतो. छापील विलापांत बहुतेकदा हीच जागा रिकामी राहते.

तरी या पुस्तिका रद्दीत जाऊ नयेत. ब्रिटिश मुलखात 1867 च्या 25 व्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण घालणं सक्तीचं होतं. कविता जे सांगत नाही ते वेष्टन सांगतं: कुणी छापलं, कुठे छापलं. म्हणजे ‘आम्ही’चा पत्ता तिथे सापडतो.

आपला भाग निजामाच्या राज्यात, तिथली गोष्ट आणखी निराळी. 1929 च्या गश्ती क्रमांक 53 नं जाहीर सभेला आधी परवानगी घ्यावी लागे. शोकसभा हीसुद्धा सभाच की! अशा राज्यात ओसरीवर बसून चार जणांनी म्हटलेला विलाप ही लहान गोष्ट राहत नाही. वसमत तालुक्यातल्या पूर्जळचे केशवराव कोरटकर हैदराबादेत न्यायाधीश झाले, 1932 साली गेले. त्यांच्यासारख्या माणसामागे इथल्या ओसऱ्यांवर काय म्हटलं गेलं असेल, हा प्रश्न आम्हाला पुण्या-मुंबईच्या विलापांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

म्हणून एकच विनंती. घरातल्या ट्रंकेत अशी एखादी पुस्तिका निघाली, तर ‘यात काव्य नाही’ म्हणून टाकू नका. आधी वेष्टन वाचा. मग कविता वाचा आणि तिला विचारा: बाई, तुझ्या ‘आम्ही’त आमचे आजोबा होते का? उत्तर ‘नाही’ असं आलं तरी पुस्तिका जपून ठेवा. कोण रडलं याइतकंच, कुणाला रडणाऱ्यांत धरलं नाही, हेही आपल्याला कळायला हवं.