सांगणारी आणि ऐकणारी

आमच्या नगरात (सरकारदरबारी आता अहिल्यानगर) इतिहास शिकवणाऱ्यांना चांदबिबीचा मोठा आधार. १५९५ साली मोगलांचा वेढा पडला, सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ते खिंडार रातोरात बुजवून घेणारी ही बाई मुलींना सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. १६०० साली तिच्याच माणसांनी तिला ठार केले, तेथे तास संपतो. वेढा उठल्यावर तिला झोप कशी लागली असेल, हे कोणी विचारीत नाही. डोंगरावरच्या ज्या 'चांदबिबीच्या महाला'वर सहली जातात, तीही वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे!

फराळाच्या ताटापाशी हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. निमित्त एका पुस्तकाचे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यातून लढलेल्या शेकडो स्त्रियांचे बोलणे स्व्येतलाना अलेक्सियेविच या लेखिकेने टिपून घेतले. १९८५ साली ते रशियन भाषेत पुस्तकरूपाने आले. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. 'युद्धाला स्त्रीचा चेहरा नसतो' असा काहीसा त्याच्या नावाचा अर्थ. नेमबाज, परिचारिका, कपडे धुणाऱ्या, आणि रणगाड्यावरच्याही (रणगाड्यांचे संग्रहालय असलेल्या आमच्या गावाला ह्याचे अप्रूप वाटावे) सगळ्या येथे बोलतात. एक नवरा बायकोकडून आदल्या रात्री युद्धाच्या इतिहासाची उजळणी करून घेतो आणि बजावतो, मी शिकवले तसे सांग. वेणी कापली तेव्हा रडलीस, असले बायकी काही नको. तो दुष्ट नाही. आपण कादंबरीकारही नायिकेला हेच बजावीत आलो आहोत. पुस्तकाचे मोठेपण हे की, लेखिकेने ती वेणीच मागून घेतली. लाल रंग डोळ्यांना सोसेना झालेली बाई कोणत्याही वीररसात बसली नसती.

परंतु एक उणीव मला जाणवत राहते. ऐकणारी निघून गेल्यावर सांगणारीचे काय झाले? चाळीस वर्षांनी उघडलेली जखम घेऊन ती त्या रात्री कोणाशी बोलली? पानावर याचे उत्तर क्वचितच मिळते. मानसोपचाराची वाट येथे वेगळी होते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८४ स्त्रिया होत्या, बहुतेक माजी सैनिक. आठवड्याला एक, दीड तासाची, अशा दहा बैठकी. काहींनी तो भयंकर प्रसंग, आता घडतो आहे असा, पुनःपुन्हा सांगावयाचा आणि टाळलेल्या जागी हळूहळू परत जावयाचे. बाकीच्यांनी आजच्या अडचणींविषयी बोलावयाचे. पहिल्या प्रकारात शंभरातल्या ४१ जणी आजाराच्या व्याख्येबाहेर आल्या, दुसऱ्यात २८. मध्येच सोडून गेलेल्याही पहिल्यातच अधिक. सांगणे इतके जड असते. म्हणूनच पुढच्या आठवड्यात तोच माणूस समोर असावा लागतो.

हे मी शहाणपणाने लिहीत नाही. माझ्या एका कादंबरीत सैन्यातली परिचारिका आहे; शेवटी ती स्टेशनावर उतरते, आई ओवाळते. माझी एक जुनी विद्यार्थिनी खरोखरच सैन्यात परिचारिका होती. पुस्तक वाचून ती घरी आली. म्हणाली, "बाई, ओवाळून झाल्यावरचं सांगू का?"

मी म्हणाले, "आधी चहा तरी घे."

चहा झाला, आणि ती भावाच्या लग्नाविषयी बोलू लागली. मी तिला पुन्हा विचारले नाही. मला भीती वाटली होती, एवढेच खरे. पुढे तिने रीतसर उपचार घेतले. आता येते, हसते, शाळेची चौकशी करते. मागच्या दिवाळीत मी धीर करून तो विषय काढला, तर म्हणाली, "ते सांगायला मला माणूस मिळालं, बाई. तुम्ही चकल्या द्या."

अलेक्सियेविचचे पुस्तक मिळाले तर जरूर वाचावे. मात्र एका दमात नव्हे. मी दिवसाला दोन बायका, या हिशेबाने वाचले.