बहुवाहक संदेशवहनातील शिखरशक्ती-नियंत्रण : संशोधनाच्या निकषाची चिकित्सा

प्रस्तावना : ओ.एफ.डी.एम. या बहुवाहक पद्धतीत एकच माहितीप्रवाह अनेक उपवाहकांवर विभागून पाठविला जातो. हे उपवाहक एखाद्या क्षणी समान फेजमध्ये आले, तर संकेताची शक्ती सरासरीच्या कितीतरी पट वाढते. 64 उपवाहक असतील, तर हे गुणोत्तर सिद्धांततः 64 पट, म्हणजे सुमारे 18 डेसिबल होऊ शकते. असे टोकाचे शिखर अतिदुर्मीळ असले, तरी दर हजार संकेतखंडांपैकी काही खंड 10 डेसिबलची मर्यादा ओलांडतातच. त्यांच्यासाठी पॉवर अॅम्प्लिफायर कमाल क्षमतेच्या बराच खाली चालवावा लागतो. ‘ए’ वर्गीय अॅम्प्लिफायरची आदर्श कार्यक्षमता 50 टक्के असते. 10 डेसिबल खाली चालविल्यास ती 5 टक्क्यांवर येते. उरलेली वीज उष्णतेत जाते.

उपायांची चिकित्सा : शिखराची छाटणी हा सर्वांत सोपा उपाय होय. मात्र तिच्यामुळे संकेत विकृत होतो व शेजारच्या पट्ट्यात गळती होते. गळती गाळली की शिखर पुन्हा काहीसे वाढते. ‘सिलेक्टेड मॅपिंग’ पद्धतीत विकृती नाही, परंतु 8 पर्यायांतून एक निवडण्यासाठी 8 वेळा व्यस्त फूरिए रूपांतर करावे लागते. निवडीची 3 बिट माहितीही ग्राहकयंत्रास कळवावी लागते आणि तीच चुकली, तर संपूर्ण खंड वाया जातो. असे असूनही संगणकीय अनुरूपणावर आधारलेल्या अनेक शोधनिबंधांत किती डेसिबल घट झाली, एवढेच यशाचे माप मानले जाते. अॅम्प्लिफायरमध्ये वाचलेली वीज आणि गणनेत खर्ची पडलेली वीज यांचा ताळेबंद मात्र मांडला जात नाही. ही उणीव मूलभूत आहे.

व्यवहारातील निवड : प्रमाणके ठरविणाऱ्यांनी निराळा मार्ग पत्करला. 2008 मध्ये निश्चित झालेल्या एल.टी.ई. मानकात फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संकेतासाठी मूळचेच कमी शिखराचे एस.सी.-एफ.डी.एम.ए. तंत्र निवडले गेले. मनोऱ्याकडे कित्येक वॅट शक्ती असते. फोनकडे सामान्यतः 0.2 वॅट. भारताने ग्रामीण भागासाठी मनोऱ्यांत 6 किलोमीटर अंतराची कसोटी पुढे आणली. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मान्य केलेल्या भारतीय ‘फाइव्हजीआय’मध्ये कमी शिखराच्या ‘पाय बाय टू बी.पी.एस.के.’ मॉड्युलेशनवर भर होता, तो याच गरजेपोटी.

निष्कर्ष : धारणी-चिखलदऱ्यासारख्या डोंगराळ, विरळ वस्तीच्या तालुक्यांत हा प्रश्न केवळ आलेखापुरता उरत नाही, दूरच्या पाड्यावरील फोनचा क्षीण संकेत मनोऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे त्यावर अवलंबून असते. त्यामुळे अमरावती व अकोला येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अभ्यासकांना मोजमापाचे क्षेत्र जवळच उपलब्ध आहे. आलेखासोबत प्रत्यक्ष अॅम्प्लिफायरवरील विजेची नोंद जोडल्यासच या विषयावरील प्रबंधाचे मूल्यमापन पूर्ण होईल.