नहेम्याचा पाचवा अध्याय आणि सुप्याचे कर्जरोखे

सत्ता, संपत्ती आणि दुःख यांविषयीच्या बायबलमधील विचाराची चर्चा करताना टीकाकार बहुधा आमोस या संदेष्ट्याकडे किंवा ईयोबाच्या ग्रंथाकडे वळतात. नहेम्याच्या ग्रंथाचा पाचवा अध्याय मात्र उपेक्षित राहतो. वस्तुतः कर्ज, दुष्काळ व सारा यांनी मनुष्य कसा बांधला जातो याचे इतके नेमके चित्र अन्यत्र क्वचितच आढळते. बारामती-इंदापूर भागाचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास ज्यास ठाऊक आहे त्यास ते परके वाटणार नाही.

इराणी सम्राटाचा सुभेदार म्हणून नहेम्या ख्रिस्तपूर्व ४४५ च्या सुमारास यरुशलेमास आला. त्याच्यापुढे लोकांची तीन गाऱ्हाणी आली. काहींच्या घरी खाणारी तोंडे फार, धान्य नाही. काहींनी दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली. काहींनी राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढले. मुलेबाळे दास्यात जाऊ लागली होती. या आक्रोशासाठी योजलेला ‘त्सआका’ हा इब्री शब्द लक्षणीय आहे. निर्गम ग्रंथात मिसरी मुकादमांच्या जाचाने इस्राएल लोकांनी फोडलेल्या टाहोस हाच शब्द आहे. एका शब्दाच्या योजनेने स्वजातीय सावकार मिसरी मुकादमांच्या पंक्तीस बसविले गेले आहेत.

आता भीमा-नीरेच्या प्रदेशाकडे पाहावे. प्रिंगल याने ठरविलेल्या जबर आकारणीने इंदापूर तालुक्यातील रयत खचली. म्हणून १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी तेथेच नव्या जमाबंदीचा आरंभ केला. तिची तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ साली दर पुन्हा वाढविण्यात आले. सारा रोखीने व ठरल्या हप्त्यानेच द्यावयाचा असल्यामुळे कुणबी सावकाराच्या दारी गेला. १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी दंगा उसळला. पुढे तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर व गहाणखतांवर होता. आपले दास्य कोणत्या कागदात लिहिले आहे हे निरक्षर कुणब्यास पक्के ठाऊक होते.

दोन्ही प्रसंगांत एक भेद आहे. नहेम्याचे आवाहन ‘बंधू’ या शब्दावर उभे आहे. अनुवाद ग्रंथातील व्याजबंदीही बंधूपुरतीच आहे, परक्याकडून व्याज घेण्यास तेथे मुभा आहे. सुप्याच्या सावकारांत गुजर व मारवाड्यांचा भरणा असल्याने तेथे या आवाहनास जागाच नव्हती.

साम्य मात्र अधिक खोल आहे. नहेम्याने श्रीमंतांस धारेवर धरले, शेते परत करविली, स्वतःही कर्ज देणाऱ्यांपैकी असल्याचे कबूल केले आणि बारा वर्षे सुभेदारीचा भत्ता घेतला नाही. हा प्रामाणिकपणा असामान्य होय. परंतु तिसऱ्या गाऱ्हाण्यास, म्हणजे राजाच्या साऱ्यास, त्याने उत्तर दिलेले नाही. ज्या सत्तेने त्यास नेमले तिच्यासंबंधी हे निवेदन मौन पाळते, आणि अध्यायाच्या शेवटी निवेदक देवाकडे स्वतःच्या सत्कृत्यांचे स्मरण मागतो. १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्याने न्यायालयास रोख्यामागील हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. कर्जासाठी होणारी कैद रद्द केली. रोख साऱ्याची पद्धत मात्र तशीच राहिली. जवळचा सावकार दिसला, दूरचा धनी दिसला नाही.

म्हणून या अध्यायाकडे केवळ परोपकाराची कथा म्हणून पाहणे अपुरे आहे. त्याचे खरे मोल निवेदकाच्या औदार्यात नसून त्याने गाळून न टाकलेल्या त्या तिसऱ्या गाऱ्हाण्यात आहे. सत्ताधाऱ्याच्या लेखणीतून उतरलेल्या पीडितांच्या शब्दांस उत्तर मिळाले नसले, तरी ते शब्द टिकले. ग्रंथ असो वा चौकशी आयोगाचा अहवाल, वाचकाने प्रथम त्याच शब्दांचा शोध घेणे अवश्य आहे.