पंक्तिप्रपंच

रस म्हणजे काय हें समजावून सांगतांना भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत दृष्टान्त घेतला आहे तो जेवणाचा. नाटकाच्या परीक्षेसाठीं ज्या शास्त्रानें भोजनाचा आधार घेतला, त्याच शास्त्राच्या दृष्टीनें एखाद्या भोजनाची परीक्षा केली, तर वाचकांस तें अप्रस्तुत वाटूं नये. येथें परीक्षेचा विषय आहे न्यूयॉर्क शहरांतील एका उंची स्टेक-हाउसमधील सामुदायिक भोजन. एका विद्वत्परिषदेच्या समारोपानिमित्त आम्ही सोळा जण तेथें गेलों होतों. भोजनगृहाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ज्या दोषाविषयीं लिहावयाचें आहे, तो भोजनाच्या एका पद्धतीचा आहे.

स्टेक-हाउस ही न्यूयॉर्कची जुनी आणि अभिमानाची संस्था. मॅनहॅटनमधील ‘कीन्स’ १८८५ पासून आणि ब्रुकलिनमधील ‘पीटर लूगर’ १८८७ पासून चालत आलेलें आहे. स्टेक म्हणजे प्रखर आंचेवर भाजलेला, बहुधा गोमांसाचा, जाड काप. मसाला नाहीं, रस्सा नाहीं. वरकरणी याहून सोपा पदार्थ सांपडणें कठीण. परंतु चांगल्या गृहांत तें मांस गोठणबिंदूच्या किंचित वरच्या थंडींत कित्येक आठवडे मुरवितात. त्यांतील पाणी उडून स्वाद दाट होतो, व तंतु आपोआप मऊ पडतात. भाजतांना वरचा भाग खरपूस होतो. त्या खरपूसपणाच्या मुळाशीं असलेली रासायनिक क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यानें १९१२ सालीं वर्णिली. आंतील उष्णमान सुमारें ५५ अंश सेंटिग्रेड असलें तर काप गुलाबी व रसाळ राहतो. ७० च्या वर गेलें कीं करडा आणि कोरडा होतो. सारी कला या पंधरा अंशांत आहे. शिवाय आंचेवरून उतरल्यावरही काप आंतल्या उष्णतेनें शिजतच राहतो. म्हणून थोडा विसावा देऊन तो लगेच खाणाऱ्यापुढें यावा लागतो. ‘कितपत भाजूं?’ असें वेटर प्रत्येकास विचारतो, त्याचें कारण हेंच.

आपल्या पंगतीचा न्याय याच्या नेमका उलट. तेथें एकास एक आणि दुसऱ्यास दुसरें वाढणें हा पंक्तिप्रपंच, आणि तो मोठा दोष. सर्वांचीं पानें वाढून होईपर्यंत कोणी घांस घेत नाहीं, आणि भात-वरण तेवढा वेळ खुशाल वाट पाहतें. स्टेक वाट पाहत नाहीं. तेथें प्रत्येकास वेगळें वाढणें हाच यजमानाचा धर्म होय.

आमच्या भोजनांत हा धर्म सुटला. मोठ्या मंडळींसाठीं गृहाचें पत्रकच निराळें होतें: माणशीं एक दर, मोजके पदार्थ, आणि सेवेबद्दलचे शेंकडा वीस आधींच जोडलेले. वेटरनें प्रत्येकास प्रश्न मात्र विचारला आणि उत्तर आदरानें टिपूनही घेतलें. पाऊण तासानें सर्व ताटें एकदम आलीं. कमी भाजलेलें मागणाऱ्याच्या आणि पुरतें भाजलेलें मागणाऱ्याच्या तुकड्यांत रंगाचा फरक उरला नव्हता. माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं काप चिरला, आंत पाहिलें, आणि कांहीं न बोलतां सुरी खालीं ठेवली. शेवटचा काप तयार होईपर्यंत पहिला काप दिव्याच्या उबेखालीं शिजत राहिला असला पाहिजे. सर्वांना एकसारखेंच कोरडें मांस मिळण्यास दुसरें कारण दिसत नाहीं. जें उत्तर पाळावयाचें नव्हतें, तें विचारलें तरी कशाला?

प्रस्तुत लेखक गोमांस खात नाहीं. तेव्हां चवीविषयीं निर्णय देण्याचा अधिकार तो सांगत नाहीं. परंतु आम्हां न खाणाऱ्या तिघांच्या वाट्याला कुस्करलेला बटाटा आणि सायींत शिजविलेला पालक आला, व दर तोच लागला. गृहानें आमच्यासाठीं दुसरा मुख्य पदार्थ कां ठेवला नाहीं, अशी आमची तक्रार नाहीं. एकाच नायकाचें नाटक लिहिण्याचा नाटककारास अधिकार आहे. मात्र ज्यांना नायक दाखविलाच नाहीं, त्यांच्याकडून नायकाचें मोल घेणें हा खरा पंक्तिप्रपंच होय.

सोळा माणसें एकदम आलीं तर स्वयंपाकघरानें करावें तरी काय, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर न्यूयॉर्कच्याच परंपरेंत आहे. एकोणिसाव्या शतकांत त्या शहरांत ‘बीफस्टेक’ नांवाच्या सामुदायिक मेजवान्या होत. जोसेफ मिचेल यानें १९३९ सालीं ‘न्यूयॉर्कर’मध्यें त्यांचें वर्णन केलें आहे. पाहुणे कपड्यांवर फडकीं बांधून बसत. सुरीकांट्यांस तेथें मज्जाव. भाजून चिरलेल्या फोडींचीं ताटें एकामागून एक येत, आणि मंडळी हातांनीं खात. ज्याला जी फोड आवडे ती त्यानें उचलावी. आजही ‘पीटर लूगर’मध्यें दोघांतिघांस पुरेल असा मोठा काप चिरून मध्यें ठेवतात. मोठ्या मंडळीस शोभणारा प्रकार घरचाच असतांना आमच्या यजमानांनीं एकट्याच्या जेवणाचा प्रकार सोळा वेळां मांडला, आणि त्यासही एकट्याकडे द्यावयाचें लक्ष दिलें नाहीं.

क्षेमेंद्रानें काव्याचें जीवित औचित्यांत पाहिलें. त्या भोजनांत मांस उत्तम प्रतीचें होतें, मेजावरील वस्त्रें शुभ्र होतीं, वेटर विनयशील होते. नव्हतें तें औचित्य. सर्वांना एक दर आणि एक वेळ लावल्यानें पंगत होत नाहीं. त्यानें फक्त हिशेब सोपा होतो. ज्यांना अशा गृहीं मोठ्या मंडळीनें जावयाचें असेल, त्यांनीं वाटून खाण्याचे मोठे काप देतां येतील काय, आणि मांस न खाणाऱ्यांस दर काय, हे दोन प्रश्न आधीं विचारावे. उत्तरें समाधानकारक न आल्यास दोघांतिघांनीं निरनिराळ्या दिवशीं जावें. स्टेक चांगला मिळेल, आणि बोलणेंही अधिक होईल.