समुद्री शेवाळाचा अर्क आणि १८ मिलिमीटरचा झोन: पेपर वाचताना काय विचारायचं?



मी नरडाण्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे तापी, आणि समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत पाहिलेला. तरी पीएच.डी.साठी विषय शोधताना मी आधी काय उचललं? तर समुद्री शेवाळांचे जीवाणूरोधक गुणधर्म! कारण सरळ होतं. पेपर भरपूर, पद्धत सोपी, खर्च कमी. तुमच्यापैकीही काही जण हाच विषय घेऊन मुलाखतीला जाणार असतील. म्हणून आज कुठल्या एका पेपरवर नाही, तर या साच्याच्या पेपरांवर बोलू.

साचा असा. मालवण किंवा रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावरून सरगॅसम, उल्वा आणायचं. धुवायचं, सावलीत वाळवायचं, पूड करायची. मिथेनॉल, अ‍ॅसिटोन, क्लोरोफॉर्ममध्ये अर्क काढायचा. जीवाणू पसरलेल्या अगर प्लेटमध्ये छोटा खड्डा पाडून त्यात अर्क टाकायचा. दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती जीवाणू वाढले नाहीत ते वर्तुळ, म्हणजे झोन, मोजायचा. १८ मिलिमीटर. निष्कर्ष: 'नव्या अँटिबायोटिकचा आशादायक स्रोत'.

यातला मूळ प्रश्न चांगला आहे, हे आधी मान्य करू. शेवाळ जीवाणूंनी भरलेल्या पाण्यात राहतं आणि जागचं हलू शकत नाही. त्याच्याकडे रासायनिक संरक्षण असणार, हा विचार पटण्यासारखा आहे. तपकिरी शेवाळांत फ्लोरोटॅनिन असतात, अनेक लाल शेवाळांत ब्रोमीनयुक्त संयुगं सापडतात. गडबड होते ती उत्तरात.

पहिली गोष्ट म्हणजे झोन. अगर म्हणजे आपलं चायना ग्रास, लाल शेवाळापासूनच काढलेलं. १८८१च्या सुमारास फॅनी हेसे यांच्या सुचवण्यावरून ते रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत पोचलं. ही जेली जवळजवळ सगळी पाणीच असते. त्यामुळे पाण्यात विरघळणारा लहान रेणू लांब पसरतो, तेलकट किंवा मोठा रेणू खड्ड्याजवळच अडकतो. म्हणजे झोन मोठा असला की संयुग ताकदवान, असं होत नाही. दोन वेगळ्या अर्कांची तुलना मिलिमीटरमध्ये करणारा तक्ता दिसला की तिथेच थांबा. किती कमी मात्रेत वाढ थांबते, म्हणजे एमआयसी, काढली आहे का ते बघा.

दुसरी गोष्ट, मात्रा. समजा अर्क ५० मिग्रॅ प्रति मिली आहे आणि खड्ड्यात १०० मायक्रोलिटर टाकला. म्हणजे ५ मिग्रॅ गेले. शेजारच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कमध्ये असतात ५ मायक्रोग्रॅम. हजारपट फरक! मग 'प्रमाणित औषधाइतकाच परिणाम' हे वाक्य कसं टिकणार? अर्क कच्चा आहे, त्यात खरं संयुग थोडंच असेल, हा बचाव योग्य आहे. पण मग ते संयुग वेगळं काढून दाखवायला हवं.

तिसरी, कंट्रोल. माझ्या सुरुवातीच्या एका प्लेटवर नुसत्या मिथेनॉलच्या खड्ड्याभोवतीही झोन आला होता. शेवाळाचा त्यात कणही नव्हता. तो कंट्रोल लावला नसता तर आज माझ्याही नावावर एक 'आशादायक' पेपर असता.

चौथी, जीसी-एमएसची यादी. त्यात हेक्साडेकॅनॉइक आम्ल हमखास असतं. नाव भारदस्त, पण हे म्हणजे पामिटिक आम्ल. आपल्या सरकीच्या तेलात ते साधारण पाव हिस्सा असतं! मेदाम्लं काही जीवाणूंना रोखतात हे खरं, पण त्यासाठी समुद्रापर्यंत जायची गरज नव्हती. यादीत थॅलेट दिसले तर प्लास्टिकच्या बाटल्या-नळ्यांवर संशय घ्या. आणि सहज बाष्प न होणारे फ्लोरोटॅनिन, पॉलिसॅकराइड या यंत्राला थेट दिसतच नाहीत. यादीत नाही म्हणजे शेवाळात नाही, असं समजू नका.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. ऑस्ट्रेलियातल्या डेलिसिया पल्क्रा या लाल शेवाळाची फ्युरॅनोन संयुगं जीवाणूंचे आपसातले रासायनिक निरोप बिघडवतात. त्यांना न मारताही त्यांचं एकत्र येऊन वागणं विस्कळीत करतात. अशा कामाचा झोन पडेलच असं नाही. म्हणजे शेवाळाची कदाचित सर्वात हुशार युक्ती आपला साचा 'परिणाम नाही' म्हणून फेकून देतो.

मग हा विषय सोडायचा का? मी सोडला नाही, लहान केला. दहा शेवाळांऐवजी एकच. ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पक्की केलेली, नमुना जपून ठेवलेला, गोळा केल्याची जागा आणि महिना नोंदवलेला. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा, ज्यात परिणाम दिसेल त्याच्याच मागे जायचं. यात पेपर उशिरा येतो, घरून 'झालं का गं?' असं विचारतात, ते ऐकून घ्यावं लागतं.

मुलाखतीत तुम्हाला 'यात नवीन काय?' असं विचारतील. तेव्हा शेवाळाचं नाव सांगू नका. झोन दिसल्यानंतर तुम्ही पुढे काय करणार आहात, ते सांगा.