पार्च यांचीं वाद्यें आणि आपली पेटी

विश्वविद्यालयाच्या जलशास जावयाचें म्हणजे श्रोता थोडा जपूनच जातो. तेथें रस मिळेल कीं व्याख्यान, याची खात्री नसते. आणि जाहिरातींत "अपूर्व वाद्यें" असे शब्द असले म्हणजे तर व्याख्यानाबरोबर प्रदर्शनहि पाहावें लागणार, अशी मनाची तयारी ठेवावी लागते. १९६९ सालच्या जानेवारींत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाच्या नाट्यगृहांत हॅरी पार्च यांची 'डिल्यूजन ऑफ द फ्युरी' ही संगीतनाट्यकृति प्रथम रंगभूमीवर आली. तो प्रयोग पाहण्याचें भाग्य आम्हांस लाभलें नाहीं. परंतु १९७१ सालीं निघालेल्या तिच्या ध्वनिमुद्रिका आम्ही पुनःपुन्हां ऐकल्या आहेत, आणि त्यांविषयीं चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें.

प्रथम वाद्यांविषयीं. त्यांची नुसती यादी वाचली तर जुन्या बाजारांतील ढिगाचें वर्णन वाचल्यासारखें वाटेल. बर्कले येथील किरणोत्सर्गाच्या प्रयोगशाळेंतून टाकून दिलेल्या काचेच्या मोठमोठ्या बरण्या कापून त्यांचीं टांगलेलीं भांडीं. तोफगोळ्यांचीं रिकामीं पितळी आवरणें. दारूच्या बाटल्या आणि मोटारीच्या चाकांच्या टोप्या. निलगिरीच्या फांदीवर भोपळे बांधून त्यांस जडविलेल्या देवळांतल्या घंटा. आंतील तारा काढून टाकलेल्या विजेच्या दिव्यांचें एक वाद्य आहे, त्याचें नांव 'माझ्दा मरिंबा'. हें नांव दिव्यांच्या छापावरून आलें, आणि दिव्यांस तें पारशांच्या अहुरमज्दावरून मिळालें होतें! त्याचा आवाज ऐकून आमच्या घरांतील एका मुलानें विचारलें, "आधण ठेवलें आहे का?" यापेक्षां अचूक वर्णन आम्हांस सुचत नाहीं.

परंतु हा सर्व खटाटोप विक्षिप्तपणाचा नव्हे, आणि येथेंच पार्च यांच्याविषयीं आमचा आदर सुरू होतो. १९०१ सालीं ओकलंड येथें जन्मलेल्या या माणसाच्या हातीं १९२३ सालीं हेल्महोल्ट्झचा ध्वनिविषयक ग्रंथ पडला, आणि पियानोवरचा त्याचा विश्वास उडाला. पियानोंत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. त्यामुळें पंचम किंचित् उतरलेला, तर शुद्ध गांधार कानास खुपण्याइतका चढलेला असतो. १९३० सालीं पार्च यांनीं आपल्या आजवरच्या रचना शेगडींत जाळल्या. मंदीच्या काळांत मालगाड्यांतून भटक्यांबरोबर प्रवास केला. आणि अखेरीस सप्तकांत त्रेचाळीस स्वर मानून त्या स्वरांसाठीं नवीं वाद्यें घडविण्यास प्रारंभ केला. हे स्वर वाजतील असें वाद्य बाजारांत मिळणें शक्यच नव्हतें. त्यांतील एक तर केवळ आपली पायपेटीच आहे: सूर नव्यानें जुळविलेली, पट्ट्या रंगविलेली.

पेटीचें नांव निघतांच मराठी वाचकाचे कान टवकारले पाहिजेत. पार्च शाळेंत जाण्याच्या वयाचे होते, त्याच सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल तारेवर मापें घेऊन हाच प्रश्न सोडवीत होते. त्यांचें बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१० सालीं निघालें. अब्दुल करीम खां यांच्या गळ्याचें त्यांना साह्य होतें. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या सहकार्यानें श्रुतींची पेटीहि सिद्ध झाली. १९१६ सालच्या बडोद्याच्या परिषदेंत श्रुतींवर कडाक्याचा वाद झाला आणि ती पेटी मागें पडली. पुढें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें साध्या पेटीलाच दार बंद केलें, आणि ती बंदी कित्येक वर्षें टिकली. पेटी मात्र घरोघर राहिली, त्याच चढ्या गांधारासह.

आतां गुणदोष. पूर्वार्धांत जपानी नो नाटकांतील कथा आहे: ज्याला आपण मारलें त्या योद्ध्यासाठीं प्रायश्चित्त करणारा यात्रेकरू, त्या योद्ध्याचें भूत आणि त्याचा मुलगा. उत्तरार्धांत इथिओपियाची एक लोककथा आहे. बहिरा भटक्या आणि हरवलेलें करडूं शोधणारी म्हातारी भांडतात; त्यांचा न्याय करावयास बसलेला न्यायाधीशहि बहिराच, शिवाय अधू दृष्टीचा; तो त्यांस नवराबायको समजून, "मूल घेऊन घरीं जा," असा निकाल देतो. वादक हेच गाणारे आणि वाद्यें हाच देखावा, अशी योजना आहे. उत्तरार्ध आम्हांस अधिक आवडला. तेथें घण, बांबू, काच यांचा कल्लोळ आपल्या शिमग्याच्या सोंगांइतका जिवंत वाटतो. पूर्वार्धांत मात्र गांभीर्य आहे तितका भार नाहीं. प्रायश्चित्ताचें दुःख लयीच्या वेगानें वाहून जातें.

आणि एक मोठी अडचण आहे. ज्या सूक्ष्म स्वरांसाठीं या माणसानें आयुष्य वेंचलें, तेच या कृतींत सर्वांत कमी ऐकूं येतात. आघाताच्या वाद्यांचा नाद उमटतो आणि क्षणांत विरतो. त्रेचाळिसांपैकीं तो कोणता, हें ठरविण्यास कानाला फुरसतच मिळत नाहीं. श्रुति कळावयास सूर थांबावा लागतो, आणि त्याच्याखालीं तंबोरा असावा लागतो. पार्च यांनीं १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत लि पो या चिनी कवीच्या कविता गळा आणि लांब मानेचा व्हायोला एवढ्यांवर बसविल्या. त्या ऐकाव्या, तेथें त्यांचा सिद्धांत प्रत्यक्ष कानाला पटतो. पुढें वाद्यें वाढलीं, रंगभूमि भरली, आणि ज्याच्यासाठीं हें सर्व मांडलें तो स्वर गर्दींत हरवला, असें आम्हांस वाटतें. अर्थात् ही गर्दीहि आम्ही पुनः ऐकणार, हें कबूल केलें पाहिजे.

विश्वविद्यालयांनीं पार्च यांना कधीं कायमचें घर दिलें नाहीं. विस्कॉन्सिन, इलिनॉय अशा ठिकाणीं त्यांना कांहीं वर्षें आसरा मिळाला, १९४९ सालीं त्यांचा ग्रंथहि विस्कॉन्सिननेंच छापला. पण संगीताध्यापकांच्या पंक्तींत त्यांचें पान कायमचें कधींच मांडलें गेलें नाहीं. १९७४ सालीं ते वारले. मग वाद्यें विश्वविद्यालयांच्या दारीं गेलीं: आधीं न्यू जर्सीच्या माँटक्लेअर येथें, २०१४ नंतर कांहीं वर्षें सिॲटल येथें. सतार बिघडली तर मिरजेस धाडतां येते. या काचेच्या भांड्यांपैकीं एखादें फुटलें तर त्याच सुराचें दुसरें कोठून आणावें? म्हणून तेथील विद्यार्थ्यांस वाजविण्याआधीं करवत आणि कानस धरावयास शिकावें लागलें तर आम्हांस नवल वाटणार नाहीं.